ट्रेबलचा नॉब

६ फेब्रुवारी

गिरणीतून निवृत्त होताना दोन गोष्टी घरी आणल्या. एक ही कोरी नोंदवही. पानांवर रकाने छापलेले आहेत: माग क्रमांक, बिघाड, उपाय, सही. मागांची दुरुस्ती करत छत्तीस वर्षं असल्या वह्या भरल्या, आता हिच्यात स्वतःचं लिहून बघतो. दुसरी म्हणजे मागाच्या पायांखाली घालतात त्या चार रबरी गाद्या. त्यांचं घरात काय काम, असं बायकोने विचारलं. मी म्हटलं, पडून राहतील. ती म्हणाली, तुमच्यासारख्या.

तिसरी गोष्ट आज लेकीने आणून दिली. बेस गिटार. लांब मान, चार जाड तारा. लेक शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी गिटार घेऊन गाते. तिच्याबरोबर बेस वाजवणारे गृहस्थ परगावी गेले. म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवताना ताटावर बोटं वाजवता ना, त्यांचा ठेका कधी चुकत नाही. बारा एप्रिलला वाचनालयाच्या सभागृहात माझा कार्यक्रम आहे. चार गाणी बसवलीत तर माझ्या शेजारी उभे राहाल."

ती लहान होती तेव्हा मी रात्रपाळी करून दिवसा झोपायचो आणि ही तिला "हळू गा" म्हणून दटावायची. त्याचं मला वाईट वाटतं. तेव्हा तिच्या शेजारी उभं राहायचं, हे नक्की. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे सबबी सांगता येणार नाहीत.

९ फेब्रुवारी

बेस गिटारला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो, हे मला माहीत नव्हतं. तार छेडली की लाकूड थरथरतं, छातीला कळतं, खोलीला कळत नाही. ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका, हवा. म्हणून वाद्यांच्या दुकानात गेलो.

दुकानदार भला माणूस, पण त्याच्या मिशा थेट ओठांवर उतरल्या आहेत. मिशाळ माणसं बोलत नाहीत, पुटपुटतात, हा माझा जुना अनुभव. त्यातून हा ॲम्पच्या मागे वाकून बोलायचा. जेवढं कळलं ते असं: गिटारचा ॲम्प वेगळा आणि बेसचा वेगळा. खर्जासाठी स्पीकरचा पडदा खूप मागेपुढे व्हावा लागतो, म्हणून साध्या गिटारच्या ॲम्पवर बेस जोरात वाजवला तर पडदा फाटायची भीती. घरात सराव करायला वॅट कमी असले तरी चालतं, पण स्पीकर अगदीच चिमुकला नको. शेजार असेल तर हेडफोन लावायची सोय बघून घ्या. मी म्हटलं, खाली शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यावर तो मला बराच वेळ काहीतरी समजावत होता. मी मान डोलावत राहिलो.

लहान, मधला आणि मोठा असे तीन ॲम्प डोक्यात आहेत. एकेक घरी नेऊन बघा म्हणाला. असा दुकानदार मिळायला नशीब लागतं.

११ फेब्रुवारी

लहान ॲम्प आणला. आठ इंची स्पीकर, वर तीन नॉब: बेस, मिडल, ट्रेबल. बेसचा फिरवला की जमीन बोलायला लागते. मिडलचा थोडाफार. ट्रेबलचा, म्हणजे उंच सुरांचा, मात्र शून्यावर ठेवा की दहावर, काडीचा फरक नाही.

नवं यंत्र बिघडलेलं हाती आलं तर मला राग येत नाही, उलट बरं वाटतं. मागची फळी काढली. आत धूळसुद्धा नाही, जोड सगळे झकास. नॉबच्या तारा हलवून बघितल्या. सगळं जागच्या जागी. मग फरक का पडत नाही? जेवण होईपर्यंत त्याचाच विचार करत होतो.

"नाचता येईना अंगण वाकडं," ही म्हणाली. एवढं म्हणायला स्वयंपाकघरातून हात पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ही तिची अलीकडची सवय. एवढंसं सांगायचं असलं तरी समोर येणार, माझ्याकडे बघणार, मग बोलणार. तीन खोल्यांचं घर, तिथूनच बोललं तरी चालेल. पण तेवढाच पायांना व्यायाम, म्हणून मी काही म्हणत नाही.

हेडफोनही लावून बघितला. कानांत कापूस घातल्यासारखं वाटतं. पायाला काही लागत नाही, हाताला काही लागत नाही. लोकांना तो का आवडतो कोण जाणे.

१५ फेब्रुवारी

शिवणकामवाल्या बाई वर आल्या. रागावल्या नव्हत्या, आधी दोनदा खालून काठीने छत ठोकून झालं होतं म्हणे. म्हणाल्या, "खाली या आणि माझ्या टाचण्या बघा."

मग आम्ही रीतसर प्रयोग केला. ही वर बसून सगळ्यांत जाड तार एकेका जागी दाबून छेडायची, मी खाली बाईंच्या टेबलाशी. डब्याच्या झाकणात टाचण्या होत्या. तार वाजली की त्या सरकत सरकत एका कडेला गोळा व्हायच्या. काही सुरांना ढिम्म, आणि एका विशिष्ट सुराला सगळ्या उठून नाचायच्या. मी इतका रमलो की बाईंनी शेवटी विचारलं, हे बंद कधी करणार? तेव्हा त्या चार गाद्या आठवल्या. ॲम्प कोपऱ्यातून काढून दाराजवळ आणला, खाली गाद्या घातल्या. पुन्हा खाली गेलो. टाचण्या गप्प. मागाचं जे औषध तेच ॲम्पला लागू पडलं.

निघताना बाई म्हणाल्या, "एरवी तुमच्याकडून बोलल्याचा आवाजसुद्धा येत नाही. अबोला आहे का दोघांत?" मी म्हटलं, आमच्यात भांडण नाही म्हणून आवाज नाही. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

त्यांना काय सांगणार. आमचं जमलंच मुळी विणाई खात्यात. दोनशे माग एकदम चालत असताना तिथे कुणी ओरडत नाही, ओरडून उपयोगच नसतो. ओठ नीट हलवायचे, जोडीला हात. चाळीस पावलांवरच्या माणसाला कळतं. शिव्यासुद्धा तशाच देतात. ही तेव्हा मागांना लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. "लग्न करशील का" हे मी तिला तीन मागांपलीकडून विचारलं आणि तिने तिथूनच "विचार करून सांगते" म्हटलं. विचार करायला तिने पाच महिने घेतले.

२३ फेब्रुवारी

मधला ॲम्प आणला. दहा इंची. खर्ज जास्त भरीव, बोटांना उत्तर देतो. दोन गाणी जवळजवळ बसली. पण याच्याही ट्रेबलचा नॉब मेलेला. हाही उघडला. आत काही नाही.

दुकानात जाऊन सांगितलं. दुकानदाराने नॉब स्वतः फिरवला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फिरवला, मिशीतल्या मिशीत काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, कारखान्यातच हयगय होते, तुमचा दोष नाही. त्याने मला चहा पाजला.

३ मार्च

मोठा ॲम्प. पंधरा इंची, उचलताना कंबर धरली. गाद्या घालूनही टाचण्या नाचतात, बाई वर येऊन गेल्या. घरासाठी हा नव्हे. आणि ट्रेबल? अर्थातच मेलेला.

आता ही खरी गंमत. तीन यंत्रं आणि तिन्हींत एकच बिघाड. गिरणीत असं झालं तर यंत्राला दोष द्यायचा नाही, तिन्हींना सामाईक काय आहे ते शोधायचं, हे मी नव्या लोकांना शिकवत आलो. सामाईक काय? प्लग. बदलला. वायर. बदलली. गिटार. लेकीची दुसरी गिटार मागवून लावून बघितली. तेच. आता सामाईक असं काहीच उरत नाही. वहीत "उपाय" या रकान्यात प्रश्नचिन्ह काढलं. छत्तीस वर्षांत पहिलंच.

८ मार्च

लेक सरावाला आली. मधला ॲम्प परत मागून आणला होता. तीन गाणी मजेत झाली. माझ्या बोटांखाली तिचं गाणं चालतंय, हा अनुभव मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही. फक्त एकदा ती खिडकीकडे तोंड करून गायला लागली आणि मी कुठे आहे तेच मला कळेना. तिला म्हटलं, माझ्याकडे बघून गात जा, बाप आहे तुझा.

जाताना तिने मला बाजूला घेतलं. "बाबा, आईचा आवाज गेलाय का?"

"का?"

"तुमच्याशी बोलताना तिचे नुसते ओठ हलतात. तुम्ही तिला डॉक्टरकडे का नेलं नाहीत?"

मी म्हटलं, भलतंच. आत्ताच तर मला भाजीला मीठ कमी आहे का म्हणून विचारत होती. तरी नंतर हिला विचारलं, घसा बरा आहे ना? "बरा आहे," म्हणाली आणि लगेच आत गेली. इतक्या चटकन ती कधी आत जात नाही.

१५ मार्च

आजचं लिहायला हात होत नाही. पण लिहितो.

लेक आली ती सरळ माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. ही बाजूला उभी. लेकीने तिला खूण केली. ही म्हणाली, "चहा ठेवू का?" मी म्हटलं, "ठेव."

लेक म्हणाली, "बाबा, आई काय बोलली?"

"चहा ठेवू का, असं."

"तिने आवाज काढलाच नव्हता."

मला वाटलं, थट्टा करतात. मग ही माझ्या मागे जाऊन उभी राहिली. मी वाट बघत बसलो. बऱ्याच वेळाने विचारलं, "बोल की." लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ही मागे उभी राहून चारदा बोलली होती.

दोन वर्षांपूर्वी हिचा घसा बसला होता. आठ दिवस आवाज बंद. मला पत्ता लागला नाही, मी सगळ्याला उत्तरं देत होतो. तेव्हा हिला कळलं. त्यानंतर तिने घरात माझ्याशी बोलताना आवाज काढणंच सोडलं. दोन वर्षं.

लेक निघाली तेव्हा ही तिला खाली सोडायला गेली. मी खिडकीत उभा होतो. फाटकाशी दोघी बोलत होत्या, लेकीचं तोंड माझ्याकडे होतं. इतक्या लांबून कुणाला ऐकू गेलं नसतं. मला स्पष्ट दिसलं. "लोकांसमोर त्यांना कसं उभं करू आई? मधेच चुकले तर त्यांनाच लागेल. नाही जमणार."

१७ मार्च

दोन दिवस गिटारला हात लावला नाही. ॲम्पवर ही कपड्यांच्या घड्या ठेवते आहे.

मी भांडलो. सांगितलं का नाहीस? ही म्हणाली, "सांगितलं असतं तर गिरणीत तपासणीला पाठवलं असतं आणि तुम्हाला मागांवरून काढून गोदामात बसवलं असतं. तुम्ही तिथे वर्षभर टिकला नसता." मी म्हटलं, आणि निवृत्त झाल्यावर? त्यावर तिने ॲम्पवरच्या घड्या पुन्हा घातल्या. मग म्हणाली, "मला ते बरं वाटायला लागलं होतं. खात्यात बोलायचो तसं."

सामाईक काय होतं ते आज वहीत लिहिलं. प्रश्नचिन्ह खोडलं.

२१ मार्च

कान तपासणाऱ्या बाईंकडे गेलो. जाड दाराच्या लहानशा खोलीत बसवतात, हेडफोन घालतात, आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला मी पटापट दाबत होतो. मग बराच वेळ काही आलंच नाही. मला वाटलं यंत्र बंद पडलं, तर बाई काचेपलीकडून बघत होत्या.

नंतर त्यांनी कागद दाखवला. डावीकडे खर्ज, उजवीकडे टीप. माझी रेघ डावीकडे बऱ्यापैकी वर आहे, पुढे उतरत उतरत पार तळाला गेली आहे. मागांजवळ काम करणाऱ्यांची अशीच असते म्हणाल्या. मी विचारलं, बेस गिटारची सगळ्यांत जाड तार या कागदावर कुठे येते? त्यांना कुणी असं विचारलं नसावं. विचार करून त्यांनी कागदाच्या डाव्या कडेच्याही बाहेर, टेबलावर बोट ठेवलं. "तिथलं तुम्हाला माझ्याइतकंच ऐकू येत असेल."

मी तो कागद मागून घेतला. असा आलेख मी यंत्राचा बघितला असता तर म्हटलं असतं, अर्धं यंत्र उत्तम आहे.

घरी येऊन हिला म्हटलं, लेकीला फोन कर. सांग, एकदा माझ्याबरोबर वाजवून बघ आणि मग ठरव. निरोप पोचला. चार एप्रिलला येते म्हणाली.

२७ मार्च

कानात यंत्रं घातली. पहिला दिवस भयंकर. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर दचकलो. माझ्या चपलांना आवाज आहे. आमच्या दाराची बिजागरी किती दिवस रडते आहे कोण जाणे, दुरुस्तीवाल्याच्या घरात ही लाज.

हिला म्हटलं, आता आवाज काढून बोल. लाजली. पदर नाही की काही नाही, पण लग्नाच्या वयाची असल्यासारखी लाजली. मग म्हणाली, "काय बोलू?"

तिचा आवाज म्हातारा झाला आहे. किंचित कापतो, शेवटच्या शब्दाला श्वास कमी पडतो. माझ्या डोक्यात तिचा आवाज होता तो वीस वर्षांपूर्वीचा. एवढं सगळं माझ्या घरात झालं आणि मला पत्ता नाही. मी रडलो. तिला वाटलं यंत्र टोचतं आहे.

२८ मार्च

वाद्यांच्या दुकानात माफी मागायला गेलो. तिन्ही ॲम्प पुन्हा लावले. ट्रेबलचे नॉब तिन्हींचे ठणठणीत. शून्यावर बेस गोधडीत गुंडाळलेला, दहावर प्रत्येक बोटाची तारेवरची खरखर. आणखी एक शोध: काही न वाजवतासुद्धा ॲम्प बारीक फुसफुसत असतो. लहानाची फुसफुस जास्त, मोठ्याची मध्यम, मधल्याची सगळ्यांत कमी. मधलाच घेतला. दहा इंची, घराला पुरे, टाचण्यांना मान्य. दीड महिना लागला निवडायला, पण कारणासकट निवडला.

दुकानदाराला विचारलं, तुमच्या कधी लक्षात आलं?

"पहिल्यांदा परत आलात तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"दोनदा बोललो की, काका." हे मात्र मिशीतूनही स्वच्छ ऐकू आलं.

४ एप्रिल

लेक आली. तिने माझ्या कानांकडे बघितलं आणि गिटार बाहेर काढली. मी खिडकीतून बघितलेलं तिला सांगितलं नाही. ही कोपऱ्यात पाय दुमडून बसली, परीक्षेला पोर बसल्यावर आया बसतात तशी.

पहिली तीन गाणी बिनचूक झाली. ती मुद्दाम खिडकीकडे तोंड करून गायली. मी चुकलो नाही. तिची पाठ बघत वाजवलं आणि तिचा आवाज सगळा ऐकला. सुंदर गाते. मला हे इतकी वर्षं ओठांवरून माहीत होतं.

चौथं गाणं उंच आहे. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ती वर जाते, आणि तिथे तिचा सूर पोचत नाही. थोडासाच, पण पोचत नाही. मी हाताने तार दाबून थांबवली. हिने माझ्याकडे बघून मान हलवली, बोलू नका म्हणून. आवाज न काढता. क्षणभर मला वाटलं, ऐकलं नाही असं दाखवावं, आज तर परीक्षा माझी आहे, तिने नाही म्हटलं तर? पण या घरात न सांगून काय होतं ते बघून झालं आहे.

"वरचा सूर लागत नाहीये तुझा," मी म्हटलं.

ती वळली. तिने गिटार खाली ठेवली. मला वाटलं, संपलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "ते गाणं मी कुणासमोर गात नाही. तुमच्यासमोर मात्र गाताना भीती वाटायची नाही. तुम्ही कधी तोंड वाकडं केलं नाहीत. मला वाटायचं, बाबांना चालतंय म्हणजे ठीक असेल."

आणि ती हसायला लागली. ही पण. मी सगळ्यांत शेवटी.

मग आम्ही गाणं दोन सूर खाली उतरवलं. तिथे तिचा आवाज मोकळा झाला, वरच्या जागेवर जाऊन आरामात उभा राहिला. माझी पंचाईत झाली. बोटांनी पाठ केलेलं सगळं सरकलं, एक सूर तर माझ्या सगळ्यांत जाड तारेच्याही खाली गेला, त्याला वळसा घालून दुसरीकडून यावं लागतं. तीनदा चुकलो. तिने तीनदा पहिल्यापासून सुरू केलं, कपाळाला आठी न घालता.

निघायची वेळ झाली. ती माझ्याकडे पाठ करून, खाली वाकून गिटार खोळीत ठेवत होती. तशीच, वर न बघता, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आठ दिवसांत बसेल ना ते, बाबा?"

"बसेल," मी म्हटलं.

खोळीच्या चेनीवर तिचा हात थांबला. ती वळली नाही. मग तिने चेन हळूहळू शेवटपर्यंत ओढली आणि तो आवाजही मला आला.